पाकळी पडली नाही

गुदाशयाचा कॅन्सर झाला, हे मी लोकांना ‘पोटाचं ऑपरेशन’ एवढंच सांगायचो. जागाच अशी, की सहानुभूतीच्या आधी समोरच्याला संकोच वाटतो. ऑपरेशन छान झालं. डॉक्टर म्हणाले, लवकर सापडला, सगळा निघाला. परत येण्याची शक्यता कमी आहे, पण नाहीच असं म्हणता येत नाही, तेव्हा तपासण्या चुकवू नका. घरच्यांनी त्यातलं ‘कमी’ घेतलं आणि ‘पण’ माझ्या वाट्याला आलं. ते घेऊन मी डोंबिवलीभर फिरलो. पोटात गुडगुडलं की वाटायचं, आला परत. बहुतेकदा तो आदल्या दिवशीचा वडापाव असायचा.

वर्षाने दुर्बिणीची तपासणी ठरली, तशी माझी सबबी शोधण्याची प्रतिभा फुलली. कधी पाहुणे, कधी कणकण. शेवटी म्हटलं, देवीलाच विचारू. कोलशेत माझी सासुरवाडी. तिथल्या गावदेवीला कौल लावतात. मूर्तीला दोन बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बायकोच्या काकांनी पाकळ्या लावल्या आणि माझ्या वतीने मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, की जावयाने तपासणी पुढे ढकलली तर चालेल का. ते ऐकून बायकोने माझ्याकडे पाहिलं. बाकीचं ती घरी गेल्यावर बोलणार होती.

पाकळ्या हलेनात. गुडघे दुखायला लागले. उजव्या पाकळीला थोडी मदत करावी म्हणून मी हळूच उठलो आणि भिंतीवरचा पंखा लावला. काका मान न वळवता म्हणाले, “जावयबापू, देवीला उकडत नाय. पंखा बंद करा.”

मागे ओटीचं ताट घेऊन एक बाई बसल्या होत्या. त्या हसल्या. मग त्यांनी कसली तपासणी ते विचारलं आणि का कोण जाणे, ज्या आजाराचं नाव मी सख्ख्या मामांपासून लपवलं होतं, ते या अनोळखी बाईंना सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, “मलाही तोच झालेला. पहिल्या तपासणीआधी मीही इथे कौल लावायला आलेले. नुसती रडले.”

“मग कौल काय मिळाला?”

“काहीच नाही. अहो, डॉक्टर हमी देत नाही म्हणून आपण देवीकडे मागायची? तिच्याकडे सोबत मागायची. आता मी विचारत नाही, सांगून जाते. आई, तपासायला चाललेय, चल माझ्याबरोबर.”

दोन्ही पाकळ्या तशाच होत्या. मी काकांना म्हटलं, राहू दे, उतरवा. त्यांनी त्या माझ्या हातावर ठेवल्या. मी बाईंचं नाव विचारायला वळलो, तर त्या ओटी भरायला गाभाऱ्यात गेल्या होत्या आणि बायको चपला घालून रिक्षा थांबवत होती.

तपासणीच्या आदल्या दिवशी पोट साफ करायचं ते खारट औषध पिताना माझी भक्ती पुष्कळदा डळमळली. संडासात बसूनच म्हणत होतो, आई, चल गं बरोबर. हवं तर बाहेर थांब. दुर्बिणीत आतड्यात मांसाचा एक छोटा कोंब दिसला, तो तिथल्या तिथे काढला. रिपोर्ट साधा आला. वाढू दिला असता तर पुढे त्रास देऊ शकला असता, वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले. यात देवीचं किती, त्या बाईंचं किती आणि दुर्बिणीचं किती, ही वाटणी मी करत बसलो नाही. तिघींनाही मनातून नमस्कार केला.

ते ‘पण’ अजून आहे. फक्त आता ते एकट्याने वाहायचं नाही, एवढं कळलंय. पुढची तपासणी जवळ आलीय, म्हणून परवा कोलशेतला जाऊन आलो. हात जोडले आणि म्हटलं, आई, चाललोय, चल. पाकळ्या लावल्या नाहीत. उकडत होतं खूप, पण पंख्याला हात लावला नाही.