आवाज नको, अशी अट होती

"मुनीरभाई, मशीन घेऊन जा. आत्ताच्या आत्ता."

शिंदे सरांचा फोन होता. मशीन त्यांच्या घरी बसवून एकच दिवस झाला होता. मी दुकानात दुसऱ्याच एका कॉम्प्युटरच्या डब्याचं पोट उघडून बसलो होतो. म्हटलं, "काय झालं सर, चालू होत नाही का?"

"चालू होतंय. तेच तर." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

लातुरात मी कॉम्प्युटर जोडून देतो. आमच्या लाइनीत त्याला असेम्बल करणं म्हणतात. आधी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचो. मग गावात क्लासेस वाढले, क्लासवाल्यांना कॉम्प्युटर लागायला लागले, तसा मीही त्यात घुसलो. एवढ्या वर्षांत तक्रारी ठरलेल्या. चालू होत नाही, मधेच बंद पडतं, लई गरम होतं. चालू होतंय म्हणून घेऊन जा, ही तक्रार पहिल्यांदाच ऐकली. गिऱ्हाईक माल परत घे म्हणालं की माझं टाळकं सरकतं. तसाच रागात स्कूटरवर बसलो.

शिंदे सर एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. माणूस मितभाषी, व्यवहाराला चोख. त्यांचा एकुलता एक मुलगा ओंकार. नांदेडला इंजिनिअरिंग केलं आणि गेम बनवणाऱ्या एका पुण्याच्या कंपनीत लागला. काम घरूनच करायचं, पण त्यासाठी घरी तगडं मशीन पाहिजे. म्हणून बापलेक माझ्याकडे आले होते.

साध्या कॉम्प्युटरात प्रोसेसर हा एकच मेंदू असतो, असं समजा. गेमिंगच्या कॉम्प्युटरात दुसराही असतो, ग्राफिक कार्ड. पडद्यावरची चित्रं पळवायचं काम त्याचं. हे काम करताना ते शेगडीसारखं तापतं. म्हणून अशा मशीनमध्ये निम्मी अक्कल पार्ट निवडण्यात लागते आणि निम्मी ते थंड ठेवण्यात. नेटवर व्हिडिओ बघून पोरं यादी करून आणतात, पण ते व्हिडिओवाले एसीत बसलेले असतात. आमच्याकडं एप्रिलमध्ये खोलीतली हवाच तापलेली. पंख्यानं तीच हवा मारून काय डोंबल थंड होणार? वर दाल मिलची धूळ. ती पंख्यावर अशी बसते की ब्रशनं नाही, पातीनं खरवडावी लागते.

ओंकारला लिक्विड कूलिंग पाहिजे होतं. म्हणजे नळीतून पाणी फिरवून प्रोसेसर गार ठेवायचा. मी म्हटलं, "बाबा रे, लातुरात राहून पाण्याच्या भरवशावर काही ठेवू नको." हसला तो. मोठा हवेवरचा कूलर घ्यायचं ठरलं.

सरांनी मात्र एकच अट घातली. "पार्ट कोणते घालायचे ते तुम्ही दोघं बघा. फक्त आवाज नको. आमच्या घरात आवाज चालायचा नाही."

मला वाटलं, मास्तर माणूस, पेपर तपासत असतील, शांतता लागत असेल. विचारलं नाही. कामाला लागलो. थंड असताना पंखेच फिरत नाहीत असं कार्ड निवडलं. तापलं की पंखे आपोआप सुरू होतात, गार झालं की थांबतात. डबाही आतून फोम लावलेला घेतला. सगळं जोडून चालू केलं तेव्हा मशीन चालू आहे का बंद, हे दिवा बघून ठरवावं लागत होतं. असं काम वर्षातून एखादंच जमतं. मी स्वतःवर खूश होतो.

सरांच्या घरी पोचलो तर वहिनी, म्हणजे सरांच्या मिसेस, अंगणात खुर्चीवर. पायात चप्पल नाही. दोन्ही तळवे फरशीवर नाही, मातीवर सपाट टेकवलेले. ऊन तोंडावर आलेलं, तरी हलल्या नव्हत्या. मी सलाम केला. त्यांनी नुसती मान हलवली.

सर मला दारातच भेटले. हळू आवाजात म्हणाले, "काल मशीन एकदम घुमलं, तेव्हापासून आत आलेली नाही. रात्रभर इथंच."

"का पण?"

"ती भूकंपातली आहे."

लातूरच्या माणसाला पुढं काही सांगावं लागत नाही. मघाचा राग उतरला. मी त्या गावांत गेलो होतो तेव्हा, रिलीफच्या ट्रकवर बसून, विशीतला होतो. काय बघितलं ते मी घरीही कधी सांगितलेलं नाही, इथंही सांगत नाही. भूकंपाचा विषय निघाला की मी उठून चहा सांगायला जातो. इथं उठून जायला जागा नव्हती.

सर सांगत होते. लग्न झालं तेव्हा वहिनी स्लॅबखाली झोपायच्याच नाहीत. अंगणात पत्र्याखाली खाट. उन्हाळा, पावसाळा, ओंकार पोटात असतानाही. सरांनी एकेक वर्ष घालवून त्यांना आधी ओसरीत आणलं, मग दार उघडं ठेवून पुढच्या खोलीत, मग आत. "एवढं करून आत आणलेलं माणूस एका डब्यानं बाहेर काढलं," ते म्हणाले. "मला परत तिथं जायचं नाही, मुनीरभाई. माझ्यात आता ती ताकद नाही."

आतून ओंकार आला. "मग मीच पुण्याला जातो ना. ऑफिसात मशीन आहे. जाऊ द्या हे."

अंगणातून वहिनींचा आवाज आला. "तू कुठं जायचं न्हाई. मी बसते की हितं. मला काय होतंय."

म्हणजे पेच असा. मशीन राहिलं तर बाई बाहेर. मशीन गेलं तर पोरगा बाहेर. आणि पोरगा आपल्यामुळं गेला, हे ती बाई जन्मभर छातीवर घेऊन बसणार. मी तर नुसता पार्ट जोडणारा माणूस. पण मशीन माझं होतं.

म्हटलं, "सर, तासभर द्या. आवाज अजून कमी करतो."

तेवढंच सुचलं. आवाज नको म्हणतायत, तर अजून कमी करा. कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन पंखे आणखी उशिरा सुरू होतील असं केलं. डब्याचे पंखेही मंद केले. कान लावून बघितलं तर खोलीत फक्त माझाच श्वास. सरांनी वहिनींना कसंबसं समजावून स्वयंपाकघरात नेलं. मी ओंकारला म्हटलं, काल केलंस तसं काम कर. त्यानं हेडफोन चढवला आणि गेम लावली. मी मागं उभा राहिलो.

थोडा वेळ काहीच नाही. मला वाटलं, जमलं. कार्ड तापत होतं, आणि पंखे मी दाबून ठेवले होते. दाबलेली गोष्ट किती वेळ दबून राहणार? कार्डानं हद्द ओलांडली आणि सगळे पंखे एकदम फुल सुटले. डबा लोखंडी कपाटावर ठेवला होता, कपाट भिंतीला टेकलेलं. घूंऽऽ असा जाड आवाज भिंतीतून उठला. कपाटाचं दार थरथरलं.

वहिनी पळत आल्या. बाहेर नाही, आत आल्या. ओंकारपाशी. त्याच्या कानावरचा हेडफोन ओढून फेकला, मनगट धरलं आणि खुर्चीसकट त्याला ओढलं. त्यांचा चेहरा मी एकदाच बघितला आणि मग मला काय झालं मला कळलं नाही. मीच ते पंखे दाबून ठेवले होते, आवाज कशाचा हे घरात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी मी बाहेर पळालो. सर माझ्या मागं. चौघं अंगणात उभे आणि चौघंही खाली मातीकडं बघतोय. ओंकारही. भूकंपानंतर जन्मलेलं पोरगं, पण तेही.

माती जागेवरच होती. लाज वाटली, पण खोटं कशाला बोलू, लई भ्यालो होतो.

सर म्हणाले, "बघितलंत? म्हणून म्हणतोय, घेऊन जा."

मी हो म्हणणारच होतो. तेवढ्यात वहिनी बोलल्या. ओंकारचं मनगट अजून सोडलं नव्हतं.

"आवाजाचं न्हाई ओ भाई. मागं दाल मिल हाय. दिवसभर घरघर करती. तिचं काय वाटत न्हाई, मी झोपते बी. घरात फ्रीज हाय. सुरू व्हायच्या आधी टक् करतो. मला कळतं, हा फ्रीज. ह्येचं काय कळंना. गप बसतंय, गप बसतंय, अन् एकदम खालून आल्यावानी येतंय."

मग आमच्याकडं न बघता म्हणाल्या, "तवा बी आधी आवाजच आला व्हता. मी जागी व्हते. मला वाटलं, कुणाचा ट्रक हाय. मी कूस बदलली. आईला उठीवलं न्हाई."

सरांनी मान वर केली. त्यांनाही हे नवीन होतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसलं. एवढ्या वर्षांचा संसार, आणि हे आज, कॉम्प्युटरवाल्यासमोर.

"आता आवाज आला की मला वळखायलाच पायजे, कशाचा हाय त्यो. अन् ह्या लेकराच्या कानावर तर झाकण असतंय. त्येला तर कायबी ऐकू येणार न्हाई."

मी तिथंच मातीत बसलो. सरांनी अट घातली आवाज नको, कारण त्यांना वाटायचं बायकोला आवाज सोसत नाही. मी ती अट इतकी मन लावून पाळली की घरात मुकं जनावर आणून बांधलं, जे कधी ओरडेल सांगता येत नाही. बाईला शांतता नकोच होती. तिला ओळखीचा आवाज पाहिजे होता. तो एकदा ओळखीचा झाला की बाजूला काढून ठेवायचा आणि बाकीचं ऐकायचं. दाल मिलचं ती तेच करत होती.

ओंकारला म्हटलं, "चल, सगळं उलटं करू."

आधी डबा कपाटावरून उतरवला. भिंतीपासून लांब, लाकडी स्टुलावर ठेवला, खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे. आतला फोम काढून टाकला, तसंही त्यानं उष्णता कोंडून राहत होती. मग पंखे. आपोआप कमीजास्त व्हायची सगळी सोय बंद केली. मशीन चालू केल्यापासून बंद करेपर्यंत एकच वेग, काम असो नसो. वेगही असा की कार्ड भर दुपारी तापून हद्दीला जायला नको. आणि समोरच्या दोन पंख्यांच्या वेगात मुद्दाम चांगला फरक ठेवला. दोन पंखे जवळपास एकाच वेगानं फिरले की दोघांचे आवाज एकमेकांत मिसळून तिसराच आवाज तयार होतो, चढउतार करणारा, जाड. वहिनी 'खालून आल्यावानी' म्हणत होत्या त्यात त्याचाही हात असणार, आणि लोखंडी कपाटानं तो वाढवला होता.

ओंकार म्हणाला, "काका, एवढं सायलेंट मशीन घेतलं अन् आता मुद्दाम आवाज करायचा?"

"हाव. मुद्दाम."

चालू केलं. कूलरसारखा, मोकळा, सरळ आवाज. मी लाजलो थोडा, कारण कारागीर म्हणून असं मशीन मी दुसऱ्याला दाखवणार नाही. वहिनी दाराच्या चौकटीत उभ्या राहिल्या, एक पाय बाहेर. ओंकारनं गेम लावली, एक कान उघडा ठेवून. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कार्ड तापलं, पण आवाज तोच. मी घामानं निथळत होतो, उकाड्यानं नाही. वहिनींनी बराच वेळ ऐकलं. मग म्हणाल्या, "असंच राहणार का? नक्की?"

"असंच. बदललं तर मला बोलवा. मशीन उचलून नेतो."

त्यानंतर दोन-चार दिवस फोन वाजला की आधी सरांचं नाव आहे का ते बघायचो. फोन आला तो आठवड्यानं. सर म्हणाले, "काल आत झोपली." आणि फोन ठेवला. मीही चहा सांगायला उठलो.

पावसाळ्याच्या तोंडाला मी धूळ काढायला त्यांच्याकडं गेलो. डबा उघडून ब्रश मारला, झाकण लावून मशीन परत चालू केलं. शेजारच्या खोलीत वहिनी ताटात तूर घेऊन निवडत बसल्या होत्या. मी शेवटचे स्क्रू लावत होतो, तेवढ्यात घर्रर्र असा एक आवाज आला. मशीनचा नव्हता. खिडकीची काच वाजली. माझ्या हातातला स्क्रू पडला, मी उठून दाराकडं दोन पावलं टाकलीसुद्धा.

वहिनींनी ताटातून मान वर केली नाही.

"टँकर हाय, भाई. गल्लीत वळायलाय. बसा."

मी बसलो. सायलेंट मशीन आजही जोडून देतो. पण आधी विचारून घेतो, घरात अजून कोण असतं, आणि ते कशाला कान लावून असतं.