लोणावळा ते भीमाशंकर: आम्ही दोघं, चार तुकड्यांत

लेक सना लग्न होऊन सोलापूरला गेली आणि काळेवाडीच्या घरात मी आणि अन्वर दोघंच उरलो. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं, की इतकी वर्षं आमच्या दोघांतलं निम्मं बोलणं सनाच इकडून तिकडे पोचवत होती. माझ्या नवऱ्याला कमी ऐकू येतं. टू-व्हीलरचं गॅरेज टाकण्याआधी ते अठरा वर्षं चाकणला पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या एका प्रेसशॉपमध्ये होते. तिथल्या दणदणाटाने हळूहळू त्यांचे कान नेले. कानाचं मशीन लावा म्हटलं की ते उठून बाहेर जायचे.

डोंगराची कल्पना मात्र त्यांचीच. गॅरेजात येणारा एक आयटीवाला लोणावळ्याहून भीमाशंकरपर्यंत सह्याद्रीच्या धारेने चालत गेला होता, सलग तीन दिवसांत. त्याचे फोटो पाहून अन्वर घरी आले आणि म्हणाले, आपण तुकड्या-तुकड्यांनी जाऊ, जमेल तेव्हा, जमेल तेवढं. रविवारी गॅरेज बंद ठेवणं म्हणजे कंपन्यांतली सगळी गिऱ्हाइकं घालवणं. तरी मी हो म्हटलं. बऱ्याच दिवसांनी त्यांनी काहीतरी मागितलं होतं.

पहिला तुकडा गणपती झाल्यावरच्या रविवारी. पिंपरीहून सकाळची लोणावळा लोकल धरली, वळवणच्या बाजूने वर चढलो आणि दिवसभर चालून जांभिवलीजवळच्या कोंडेश्वराला उतरलो. डब्यात चपात्या आणि सुकं मटण. पठारावर पिवळी सोनकी इतकी फुलली होती, की अन्वर पाय ठेवायला जागा शोधत चालत होते. जांभिवलीहून कामशेतला येणाऱ्या गाड्या कमी आहेत. जाणार असाल तर परतीची वेळ सकाळीच विचारून ठेवा. आम्ही विचारली नव्हती. शेवटी दुधाच्या टेम्पोत बसून आलो. मी शाळेत शिकवते. दुसऱ्या दिवशी वर्गात मला खुर्चीवरून उठवेना, पण मुलांना मी सोनकीचे फोटो दाखवले.

दुसरा तुकडा कोंडेश्वर ते खांडी, कुसूरच्या पठारावरून. पाऊस गेला असं आम्ही धरून चाललो होतो. दुपारी बुटाची नाडी बांधायला मी थांबले, अन्वर पुढे होते. मान वर केली तर समोर पांढरंफटक. धुकं खालच्या दरीतून वर आलं होतं. पाच पावलांवरचं झुडूप दिसेना.

मी हाक मारली. मग आणखी मोठ्याने मारली. पाठीवरच्या पिशवीत शिट्टी होती, मीच आणलेली, आणीबाणीसाठी. ती तोंडाला लावल्यावर कळलं, की ज्या माणसासाठी वाजवायची त्याला ती ऐकूच येणार नाही. त्या पठाराची पश्चिमेकडची कड सरळ कोकणात तुटलेली आहे. मी वाट सोडली नाही, कारण मीही हरवले तर कोण शोधणार. तिथेच उभी राहून शिट्टी वाजवत राहिले, निदान दुसऱ्या कुणाला तरी ऐकू जावी म्हणून.

अर्धा तास गेला असेल. मग धुक्यातून एक म्हातारी बाई आली, डोक्यावर इरलं, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात अन्वरचं मनगट. पठारावरच्या धनगरपाड्यातली होती. म्हशी वळवायला निघाली होती.

"कड्याकडं निघालं व्हतं," ती मला म्हणाली. "लई हाका मारल्या, वळूनच बघंनात. मंग पळत जाऊन हात धरला. ऐकाय येत न्हाई व्हय त्यांना?"

मी मान हलवली. अन्वर माझ्या ओठांकडे आणि तिच्या ओठांकडे पाहत होते. बाईने आम्हाला पाड्यावर नेलं, चुलीपाशी बसवलं, कोरा चहा दिला आणि धुकं विरल्यावर खांडीच्या वाटेला लावून दिलं. देऊ केलेले पैसे तिने घेतले नाहीत. डब्यातली उरलेली चपाती आणि सुकं मटण मात्र चवीने खाल्लं आणि मसाला काय घातलाय ते विचारून घेतलं.

खांडीच्या अलीकडे, ओढ्यापाशी अन्वर थांबले.

"तू किती हाका मारल्यास?"

मोजल्या नाहीत, असं मी त्यांच्याकडे तोंड करून सांगितलं.

मग ते खाली बसले आणि बोलले. गॅरेजात ते इंजिनवर तळहात ठेवून बिघाड ओळखतात. लोकांना वाटतं, काय उस्ताद आहे. "कानात मशीन दिसलं तर म्हणतील, ह्याला इंजिन ऐकू येत नाही, हा काय गाडी दुरुस्त करणार." एवढ्या वर्षांत हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, आणि मीही नीट बसून कधी विचारलं नव्हतं. आमचे पाय ओढ्यात होते. पाणी गार होतं.

त्यानंतरच्या महिन्यात डोंगर बंद होता. चिंचवडच्या एका दवाखान्यात तपासण्या, मग मशीन, मग डोकं दुखणं, मग पुन्हा तपासणी. एका संध्याकाळी मी ओट्यापाशी सवयीने पुटपुटले, की ह्यांना भाजीतलं मीठ कधी पुरत नाही. मागून उत्तर आलं, "आज पुरलंय." पातेलं तसंच ठेवून मी हसत बसले. मग डोळे पुसले.

दिवाळीच्या सुट्टीत खांडी ते सावळे. मशीन लावून डोंगरात जाणार असाल तर सांगते, धारेवरचा वारा त्यात भयंकर घोंगावतो. अन्वर उघड्या पठारावर ते काढून डबीत ठेवायचे आणि झाडीत शिरताना पुन्हा लावायचे. उघड्यावर आम्ही हाताच्या अंतरावर चालायचो.

शेवटचा तुकडा जानेवारीत, दोन दिवसांचा: सावळे ते वांद्रे (मुंबईचं नव्हे, इथलं डोंगरातलं गाव), मुक्काम, मग भीमाशंकर. वांद्र्यात एका घरी पिठलं-भाकरी आणि ओसरीवर झोपायला जागा, दोघांचे मिळून पाचशे रुपये. पांघरूण आपलं न्या. दुसऱ्या दिवशी दाट जंगलात अन्वर एकदम थबकले. मागे वळून पाहिलं, पुन्हा दोन पावलं टाकली, पुन्हा थबकले. कुणी मागून येतंय का, त्यांनी विचारलं. कुणी नव्हतं. वाळलेल्या पानांवर त्यांचेच पाय वाजत होते. ते कळल्यावर ते बराच वेळ मुद्दाम पानांवरून चालले, वाट सोडून, कडेकडेने. मी पुढे जाऊन एका दगडावर बसून राहिले.

दुपारी भीमाशंकरच्या स्टँडवर पोचलो. चहा घेतला, सनाला फोन लावला. फोन अन्वरनी स्वतः कानाला धरला, मी शेजारी बसून चहा संपवला. मग एसटीने मंचर, राजगुरुनगर, चाकण करत घरी. चाकणच्या कोंडीत गाडी तासभर उभी होती. आजूबाजूच्या हॉर्नना वैतागून त्यांनी मशीन काढून खिशात टाकलं आणि छान झोपले.

काय राहिलं मागे? माझ्या पायाचं एक नख काळं पडलं होतं, ते आता गेलं. गॅरेजात दोन गिऱ्हाइकांनी मशीनबद्दल विचारलं, त्यातल्या एकाने वडिलांसाठी दवाखान्याचा पत्ता घेतला. सोलापूरहून सनाचा फोन आला, की बोलायला आता माझा नंबर दुसरा लागतो.

आणि एक सवय राहिली आहे. काही बोलायच्या आधी मी अजूनही त्यांच्या दंडाला हात लावते, पूर्वी त्यांचं लक्ष वेधायला लावायचे तसा. आता त्याची गरज नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. त्यांनी अजून एकदाही तसं म्हटलेलं नाही.