आबांचं खाकरणं

काल धुळ्याच्या बसस्थानकावर पाठीमागे कुणी म्हातारा खाकरला आणि माझा हात झटकन डोक्याकडे गेला. अंगात पंजाबी ड्रेस होता, ओढायला पदरच नव्हता.

सासरी, पहूरला, माझे सासरे आबा घरात शिरण्याआधी दारात खाकरायचे. ते ऐकलं की सुनेनं पदर भुवयांपर्यंत ओढायचा. सात वर्षं तेच केलं. नवऱ्यानं माझ्या कपाळावर पातेलं मारलं, त्या दिवशीसुद्धा आबा आधी खाकरले, मगच आत आले.

मग जळगावचं कोर्ट. माझी लेक चिमी कुणाकडे राहील, ते ठरायचं होतं. वकीलबाईंनी बजावलं होतं, "ताई, पदर खांद्यावरच ठेवा. कपाळावरची खूण साहेबांना दिसू द्या." माझं नाव पुकारलं, मी उभी राहिले. सकाळपासून गप्प बसलेले आबा तेवढ्यात मागच्या बाकावर खाकरले. माझा हात आपोआप वर गेला आणि पदर भुवयांपर्यंत खाली आला. तो पुन्हा मागे सारायची हिंमत झाली नाही.

त्यांचा वकील हसला. "बघा साहेब, सासऱ्यांचा किती मान ठेवतात! अशा घरात कसला छळ?"

निकालापर्यंत मुलगी बापाकडेच, असं साहेबांनी सांगितलं. बाहेर आई रडत कारण विचारत होती, "पदर काब्र वढा व माय?"

तेव्हा वाटलं, चूक माझीच. आज कळतं, बाकावर बसल्या बसल्या आबांना खाकरायचं काहीच कारण नव्हतं.

त्या दिवशी कोर्टाबाहेर पदराखालून मला फक्त पावलं दिसत होती. आबांच्या चपलांमागून चिमीचे लाल बूट चालत गेले.