धोंडुबाईचा नेम

पेणच्या खाडीकाठी धोंडुबाईच्या नेमाला तोड नव्हती. भरतीनं बांध फुटून खांड पडली की पुरुषांनी खाडीतला चिखल कापायचा, बायकांनी रांगेत उभं राहून गोळे हातोहात पुढे द्यायचे, आणि रांगेच्या टोकाला धोंडुबाईनं ते खांडीत फेकायचे. पंधरा हातांवरून बरं का! खांडीत कमरेएवढ्या पाण्यात तिचा नवरा गुणाजी उभा असे. तो बोट दाखवी तिथंच गोळा पडे, मग तो पायानं दाबी.

त्र्याण्णव सालच्या आश्विनात रोह्याहून तिचा भाचा जितेश आला. शाळेत पीटीचा नवा मास्तर, हौस दांडगी. मावशीला बांधावर चिखल टाकताना बघून तो थक्कच झाला.

"मावशे, गोळा सोडताना कोपर कुठं असतं तुझं? आणि बोटं नेमकी कधी उघडतात?"

"कोपर? असंल की जागंवर," धोंडुबाई हसली. पण प्रश्न काही पाठ सोडेना. भाकऱ्या थापतानासुद्धा ती कोपराकडेच बघत बसली. घ्या! चाळीस वर्षं मुकाट राबलेल्या हाताला आता जाब विचारायचा!

दुसऱ्या दिवशी कोजागिरी, उधाणाची भरती दुपारी. सकाळीच ओरड झाली, "खांड पडली!" पाणी चढायच्या आत ती बुजली नाही तर खारं पाणी दाणा धरलेल्या भातात शिरणार, आणि मग तीन वर्षं त्या जमिनीत काडी उगवायची नाही.

धोंडुबाईनं गोळा घेतला, कोपर पाहिलं, बोटं पाहिली आणि फेकला. डुबुक! चार हात अलीकडे. दुसरा पार पलीकडे. तिसरा थेट गुणाजीच्या मुंडाशावर. बायका आधी खिदळल्या, मग गप्प झाल्या, कारण पाणी गुणाजीच्या छातीला लागलं होतं. सगळ्या गावाचं भात आपल्या हातानं बुडणार, या भीतीनं धोंडुबाईला रडू फुटलं.

तेवढ्यात गुणाजी मोठ्यानं म्हणाला, "दुसरी कोन उभी करा रं! हिला भाकरी गोल थापता येत नाय, ही काय नेम धरनार?"

"माझ्या भाकरीला नाव ठेवतोस?" धोंडुबाई कडाडली. "तीस वर्सं गिळतोस ती? थांब मुडद्या, तुझं तोंडच लिंपते!"

आणि मग जे सुटले गोळे! एक शिवी, एक गोळा. कोपर गेलं खड्ड्यात! गुणाजी भोक दिसेल तिथं जाऊन उभा राही आणि ऐन वेळी बाजूला होई. प्रत्येक वेळी ते काही जमलं नाही. पण खांड बुजली. दुपारी भरती आली, बांधाला धडका देऊन परत गेली. भातात थेंब शिरला नाही.

चिखलानं माखलेल्या गुणाजीला जितेश ओशाळून म्हणाला, "काका, मावशीला एवढं कशाला चिडवलंत?"

"मग काय करू?" गुणाजी पाठ चोळत हसला. "रागावली का हिचा नेम चुकत नाय. ह्या पाठीला इचार, तीस वर्सं ठाव हाय तिला."