आधी मी खाते

परात मधोमध ठेवली की ती आधी स्वतः मांडी घालून बसायची. मग परातीतल्या एकेका पदार्थाचा बोटभर घास घ्यायची, आमच्याकडे बघत सावकाश चावायची, गिळायची आणि तोंड उघडून जीभ बाहेर काढून दाखवायची.

"बघ, मेले नाय."

हे झाल्याशिवाय कोणी परातीला हात लावायचा नाही, असा तिचा नियम होता. कोणी म्हणजे मी. माझ्या यजमानांना तिचा आधीच भरवसा होता.

तिचं नाव लिहीत नाही. सगळं गावठाण तिला बाय म्हणायचं, तेवढं पुरे. अंधेरीच्या गावठाणात तिचं कौलारू दुमजली घर होतं. बाहेरून लाकडी जिना, अंगणात क्रूस आणि क्रुसाच्या पायरीवर कोंबड्या. ती वर राहायची. खालच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या तेव्हा माझ्या लग्नाला चार महिने झाले होते. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला जगातलं सगळं कळत होतं. पुढे वयाबरोबर ते कमी कमी होत गेलं.

निघताना आईने बजावलं होतं, "घर त्यांचं असलं तरी हातचं खाऊ नकोस." आमच्याकडे विहिरीत पाव टाकून आख्खं गाव बाटवल्याच्या गोष्टी लहानपणापासून ऐकलेल्या. त्यामुळे बाय माझ्याशी हसून बोलली की मी आधी जाऊन विहिरीत डोकावून यायची. एकदा पाण्यावर पांढरं काही तरंगताना दिसलं म्हणून पोहरा सोडून ते वर काढलं. कोंबडीचं पीस निघालं. तरी त्या दिवशी मी शेजारच्या आळीतून पाणी आणलं.

बायचा नवरा बोटीवर खानसामा होता. बोट ग्रीक लोकांची. त्यांच्या हाताखाली तो त्यांचं खाणं शिकला आणि सुटीवर आला की बायला शिकवायचा. आम्ही राहायला गेलो त्याच्या दोन वर्षं आधी तो वारला होता. मूलबाळ नव्हतं. पण महिन्यातून एका रविवारी ती त्याची परात मांडायची, आणि हे एकट्याने खायचं नसतं म्हणून आम्हा भाडेकरूंना बोलवायची.

"हे जेवण नाय," ती सांगायची. "जेवणाच्या आधीचं हाय. मधी ठेवायचं, गप्पा मारायच्या, खात बसायचं."

"आणि मग जेवायचं कधी?" मी विचारलं.

"पोटात जागा रायली तर."

मला हे लबाडीचं वाटलं. ज्या जेवणाला धड सुरुवात नाही नि शेवट नाही, त्यात माणूस काय गिळून बसेल याचा पत्ता लागतो का?

परातीत काय असे ते सांगते, म्हणजे माझ्या बाजूनेही थोडा विचार कराल. मधोमध घट्ट बांधलेला चक्का. चक्का म्हटल्यावर माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि तिने त्यात किसलेली काकडी नि ठेचलेली लसूण घातली. श्रीखंडाच्या चक्क्यात लसूण. मी मान फिरवली. एका बाजूला निखाऱ्यावर भाजलेलं वांगं कुस्करलेलं, दुसऱ्या बाजूला काबुली चण्यांचा नि तिळाचा लगदा. मिठाच्या पाण्यातून काढलेल्या पांढऱ्या वड्या, ज्या मला धुण्याच्या साबणाच्या वाटल्या. ते तिने घरी दूध फाडून, पाट्याखाली दाबून केलेलं चीज होतं. ग्रीकांची ती ऑलिव्हची फळं इथे मिळत नसत, म्हणून मिठात मुरवलेली हिरवी करवंदं. कडेने जाड रोटीचे तुकडे. आणि सगळ्यावर, बाटलीच्या तोंडावर अंगठा धरून, तेलाची बारीक धार.

ते तेल त्याच ऑलिव्हचं, पण औषधाच्या दुकानातलं. बाटलीवर गुटगुटीत बाळाचं चित्र होतं.

मी ह्यांना बाजूला ओढलं. "अहो, ती बाळाला चोळायचं तेल घालतेय खाण्यात."

"बरं झालं. आतून मालिश," हे म्हणाले आणि जाऊन परातीपाशी बसले. दोन्ही हातांनी खायचे. माझे यजमान सरकारी कचेरीत कारकून होते आणि फुकट मिळालेल्या कशावरही संशय घेत नसत.

माझा मात्र त्या रविवारी उपास असायचा. पुढच्या महिन्यातल्या रविवारीही.

"तुजा देव मोजून माज्याच परातीला तुना उपाशी ठेवतो काय गो?" बाय विचारायची. मग माझ्यासमोर सगळं पुन्हा एकदा चाखायची. "बघ, मेले नाय." मी मनात म्हणायची, सवय असेल हिला.

तुम्ही म्हणाल, इतका अविश्वास होता तर बसत होतीस कशाला? वास, दुसरं काय. भाजल्या वांग्याचा वास माझ्या आईच्या चुलीचाच होता, आणि तो परधर्मातून येत होता.

अशी आठ-नऊ महिने परात मांडली गेली. मग एक दिवस बाय जिना उतरून आमच्या दारात आली, आणि पहिल्यांदाच उंबऱ्याबाहेर थांबली.

"पोरी, तू अळूच्या वड्या करतेस ना? माजी बोटं आता वळत नाय. मना गुंडाळून देशील?"

जुहूच्या एका हॉटेलाचा मॅनेजर तिची परात चाखायला येणार होता. त्या हॉटेलात गोरे पाहुणे उतरत. दारूबंदी असली तरी त्यांना परमिट मिळे, आणि पेल्याबरोबर काहीतरी तोंडीलावणं लागे. परात आवडली तर दर शनिवारी तिच्याकडून जाणार होती. नाही आवडली तर तिला वरच्या खोल्यांना कुलूप लावून खाडीपलीकडे मढला भावाकडे जावं लागणार होतं. आमच्या भाड्यात तिचं भागत नव्हतं. "भावजय चांगली हाय," ती म्हणाली. "पण तिच्या दारात मी मासली साफ करत बसणार. तिची मासली, तिचं दार." एवढंच बोलली. मी हो म्हटलं.

त्या दिवसासाठी तिला आणखी एक ग्रीक पदार्थ करायचा होता. पानात भात गुंडाळून शिजवायचा. त्यांच्याकडे द्राक्षाची पानं असतात. इथे कुठली? म्हणून अळू. रविवारी सकाळी आम्ही दोघींनी मिळून पानांच्या शिरा सोलल्या, भातात कांदा नि पुदिना घातला, आणि मी करंगळीएवढ्या गुंडाळ्या करून पातेल्यात दाबून रचल्या. खरं सांगते, छान झाल्या होत्या. बायने एक उचलून उजेडात धरली. "ह्या तर माज्या माणसानं केल्यासारख्या हाईत."

चर्चची घंटा झाली तशी तिने डोक्यावर पदर घेतला, कोनाड्यातली एक हिरवी बाटली माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "ही अर्धी ओत वरून, नि मंद विस्तवावर ठेव. मी येतेच."

ती गेली. मी बूच काढलं. आत गडद तांबडं, दाट पाणी. वास आंबूस, आणि त्याच्या आडून दुसरा एक वास. बाटली वाइनची होती. गावठाणात घरोघरी द्राक्षाची वाइन घालत हे मला ठाऊक होतं, चोरून घालत हेही ठाऊक होतं.

सगळं एकदम लख्ख दिसलं. परमिटवाले पाहुणे. हॉटेलवाला. भाताच्या गुंडाळ्यांत मुरवलेली दारू. आणि परातीभोवती बसलेले सरकारी कचेरीतले माझे यजमान, दोन्ही हातांनी खाणारे. त्यांची नोकरी माझ्या हातात होती.

मी आख्खी बाटली मागच्या केळीच्या बुंध्याशी रिकामी केली. बाटली विसळली. पातेल्यात विहिरीचं स्वच्छ पाणी घातलं आणि चुलीवर ठेवलं. इतकंच नाही, त्या दिवशी उपास सोडायचाही ठरवला. माझ्या हाताने शुद्ध झालेलं खायला हरकत काय?

आता तुम्ही हसत असाल. अळूला आंबट लागतं, नाहीतर घसा धरतो, हे आमच्या माहेरी परकरी पोरीलाही कळत होतं. मलाही कळत होतं. पण ते आपल्या अळूला. हे पडलं ग्रीक अळू. त्याला आपले नियम लावायचे हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मॅनेजर आला. बुशशर्ट, पायांत पांढरे बूट. बायने त्याच्यासाठी खुर्ची ठेवली होती, पण परात खाली बघून तोही बूट काढून खालीच बसला. हे बसले, मी बसले. बायने आज नवं लुगडं नेसलं होतं. ती एकेक चाखू लागली. चक्का. वांगं. चणे. मॅनेजर तिच्या मागोमाग खात होता आणि मान डोलवत होता. "अच्छा है बाई. बहोत अच्छा है." चीजचे तर त्याने तीन तुकडे उचलले.

शेवटी बायने गुंडाळी तोंडात घातली. त्यानेही घातली. मीही, मोठ्या ऐटीत.

दोन-तीन क्षण काही झालं नाही. मग माझ्या घशात कोणी कुसळं पेरावीत तसं झालं. बायकडे बघितलं. ती चावायची थांबली होती. तिने परात स्वतःकडे ओढली, पण मॅनेजरची दुसरी गुंडाळी आत गेलेली.

"बाई, ये क्या खिलाया? गला पकडता है." तो खाकरला, पाणी प्यायला, पुन्हा खाकरला. त्याचे डोळे वाहायला लागले. परातीतल्या प्रत्येक पदार्थाकडे त्याने आता वेगळ्याच नजरेने पाहिलं. ती नजर मला चांगली ओळखीची होती. नऊ महिने ती माझीच होती.

"माजा हात चुकला, साहेब," बाय म्हणाली. "म्हातारी झाले."

त्याने बूट घातले, बायने दिलेला गूळ चघळत जिना उतरून निघून गेला. पुन्हा आला नाही. त्या दिवशी बायने जीभ दाखवली नाही, आणि ते वाक्यही म्हणाली नाही.

मी पातेलं घासायला घेतलं. ती काही विचारेल म्हणून वाट पाहिली. विचारलं नाही. तिला कळलंय की नाही, ह्याचा मग मला संशय येऊ लागला. ती हसली तरी संशय, न हसली तरी संशय. तिने केळीकडे बघितलं की मी घाईने दुसरा विषय काढायची. पूर्वी मी तिच्या हातांवर नजर ठेवायची, आता तिच्या डोळ्यांवर ठेवू लागले. परात काही पुन्हा मांडली गेली नाही.

दोन महिन्यांनी तिने वरच्या मजल्याला कुलूप लावलं. वर्सोव्याला होडी गाठायची होती. हे ट्रंक उचलून पुढे गेले. बाय आमच्या दाराशी थांबली, पिशवीतून तीच हिरवी बाटली काढली, भरलेली, आणि माझ्या हातात दिली.

"चिंच हाय," ती म्हणाली. "मीठ घालून आटवलीय, टिकेल. ही ओतू नको."

मी तोंड उघडलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. नवऱ्याला सांबाळत होतीस ना? चल, होडी जाईल."

पंधरा दिवसांनी मी त्या चिंचेत गुंडाळ्या शिजवल्या आणि डबा घेऊन मढला गेले. ती दारात बसून मासे साफ करत होती. भावजयीचे मासे, भावजयीचं दार. तिने हात धुतले, डबा उघडला. "थांब, आधी मी खाते," सवयीने म्हणाली. चावली, गिळली. "मीठ कमी हाय." आणि उरलेल्या सगळ्या खाऊन टाकल्या.

पुढे वर्षातून तीन-चारदा तरी मी जायची. मीठ दर वेळी कमीच असायचं.

एकदा बाळंतपणामुळे जाण्यात मोठा खंड पडला. मग गेले तेव्हा दारात भावजय होती. बायची जागा रिकामी, मासे साफ करायचा पाट भिंतीला उभा टेकवलेला. ती गेल्याला दीड महिना झाला होता. डबा भावजयीच्या हातात दिला. तिने झाकण उघडलं, काळपट हिरव्या गुंडाळ्यांचा वास घेतला आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं.

"थांबा," मी म्हटलं. "आधी मी खाते."

एक उचलली, तिच्याकडे बघत चावली, गिळली. जीभ दाखवून 'मेले नाय' म्हणायचं राहिलं होतं. पण तोंड उघडेना.