पाचावर धारण

कुवेतमध्ये मी सिंहांच्या दारात वेल्डिंग केलं असं सांगितलं की गावाकडे लोक हसतात. थापा मारतो म्हणतात. त्यांचं तरी काय चुकलं? वाळवंटात सिंह कुठून येणार! पण नव्वदच्या दशकात, युद्ध संपून काही वर्षं झाली होती तेव्हा, शहरापासून तासाभरावर एका धनिकाच्या मळ्यावर सात सिंह होते, आणि तिथलं कुंपणाचं काम आमच्या वर्कशॉपला मिळालं होतं.

आम्ही दोघंच जायचो. सकाळी शहरातल्या हवल्ली भागातल्या आमच्या खोलीवरून पिकअप निघायची, चालवायला चाचा. चाचा म्हणजे रायगडच्या किनाऱ्यावरचे फिटर. वीस वर्षं कुवेतमध्ये काढलेली, अरबी फाडफाड बोलायचे. मला येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. पण गावी सहा वर्षं वेल्डिंग केलेलं, त्यामुळे आपल्याला कोणी काही शिकवायची गरज नाही असा माझा समज. आई मला दीडशहाणा म्हणायची, ते उगाच नाही.

मळ्यावर एका रांगेत तीन पक्क्या खोल्या होत्या. पुढे वाळूचं मोठं पटांगण, मागे अरुंद बोळ. खोलीचं पटांगणाकडचं दार म्हणजे वरखाली सरकणारा जाड लोखंडी पत्रा. बोळात उभं राहून साखळी ओढली की तो वर जायचा, सोडली की आपल्या वजनाने धाडकन खाली. पहिल्या खोलीत दोन तरणे भाऊ. दुसऱ्यात एक म्हातारा सिंह आणि दोन सिंहिणी, तिसऱ्यात त्याच्याच कळपातल्या आणखी दोघी. म्हाताऱ्याचं आणि त्या भावांचं हाडवैर होतं. त्यांना आळीपाळीने पटांगणात सोडायचे, तरी भिंतीआडून डरकाळ्या चालूच. म्हणून पटांगणाचे दोन भाग करायचं ठरलं होतं.

या सगळ्यांना सांभाळणारा सुदानी माणूस उंच आणि अबोल होता. पूर्वी आपल्या मुलखातल्या अभयारण्यात तो रानटी सिंहांचा माग काढायचा. कुठला कळप कुठे गेला, कोणते नवे नर हद्दीत शिरले, हे तो मातीवरून सांगे. ती सवय त्याने इथेही सोडली नव्हती. संध्याकाळी पटांगण झाडून वाळू सपाट करायची आणि सकाळी त्यावरचे ठसे वाचायचे. एकदा त्याने मोडक्या हिंदीत मला दाखवलं. म्हातारा इथे मांस खात होता, आत भाऊ ओरडले, हा मांस टाकून भिंतीकडे गेला. "खाना छोड़ता, दुश्मन नहीं छोड़ता," तो म्हणाला. मी मान हलवली. मनात म्हटलं, वाळूत बघून कुणीही काहीही सांगेल.

कोणत्या खोलीत किती जनावरं आहेत ते तो बोळातल्या दारांवर खडूने लिहायचा. अरबी दोन आणि तीन थोडेफार आपल्या दोन-तीनसारखेच दिसतात. आठवडाभर मी ते बरोबर वाचले आणि अरबी आकडे आपल्याला येतात असं ठरवून टाकलं.

त्या दिवशी एका खोलीतली जनावरं शेजारच्या खोलीत घालून, त्या रिकाम्या खोलीतून खांब आत न्यायचे होते. चाचा पटांगणात बसून ग्राइंडर चालवत होते. सुदानी दुपारच्या नमाजाला गेला होता. "त्याला येऊ दे," चाचांनी मला आधीच बजावलं होतं. "रिकामी खोली तोच उघडेल. तू साखळीला हात लावू नको."

पंधरा मिनिटं झाली. ऊन असं की खांब हातात धरवत नव्हते. माझं डोकं तापलं. एक पत्रा वर घ्यायचा, त्यात काय मोठंसं? बोळात गेलो. पहिल्या दारावर दोन. तिसऱ्यावर नुसता एक ठिपका, काहीतरी लिहिताना खडू टेकला असावा असा. आणि मधल्या दारावर स्वच्छ, गोल शून्य.

शून्य म्हणजे रिकामी. मी विचार केला, आधी पुढचा पत्रा उचलू, आत उजेड येईल, मग बोळाचं दार उघडू. साखळी ओढली. वीतभर पत्रा वर गेला असेल आणि साखळी माझ्या हातात ढिली पडली. मी ओढत नव्हतो, तरी पत्रा वर चालला होता. आतून कोणीतरी उचलत होतं.

बोळाच्या टोकाला जाळी होती, तिथे धावलो. मधल्या पत्र्याखालून एक पंजा बाहेर वाळूवर टेकला होता. मागे नाक आणि आयाळ. चाचा वीस पावलांवर, पाठ करून बसलेले, तोंडावर शील्ड, ग्राइंडरच्या ठिणग्या उडताहेत. मी बोंबललो. त्यांनी मान वळवली नाही. पाचावर धारण बसणं कशाला म्हणतात ते मला तेव्हा कळलं. माझ्यामुळे हा माणूस आता मरणार, एवढं एकच डोक्यात.

मग ते मांस आठवलं, टाकून दिलेलं. मी पाना उचलला आणि पहिल्या खोलीच्या दारावर वेड्यासारखा बडवत सुटलो. आतले दोघे भाऊ असे गरजले की दार माझ्या अंगावर येतंय असं वाटलं. दुसऱ्या क्षणी मधल्या खोलीतून उत्तर आलं आणि भिंतीवर धडक बसली. पत्रा खाली आदळला. मी साखळीची खीळ लावली आणि तिथेच बसकण मारली. माझी पँट ओली झाली होती, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

खरी लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. उठून मी पटांगणात गेलो आणि पत्र्यासमोरचा ठसा हाताने पुसून टाकला. चाचांनी शील्ड वर करून विचारलं, "काय रे, पाना पडला काय?" मी हो म्हणालो.

सुदानी आला. मधल्या पत्र्यासमोर उकिडवा बसून त्याने पुसलेल्या वाळूकडे बराच वेळ पाहिलं. "शेर झाड़ू नहीं मारता," तो मला म्हणाला. मग चाचांना बाजूला घेऊन अरबीत बोलला. चाचांनी एकदा पत्र्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी शिव्यांची वाट बघत राहिलो. त्यांनी ग्राइंडर उचलला, पत्र्याकडे तोंड करून बसले आणि उरलेलं काम संपवलं.

संध्याकाळी आम्ही परत निघालो. हवल्लीच्या सिग्नलला गाडी थांबली. डॅशबोर्डवर धूळ साचली होती. चाचांनी तिच्यात बोटाने एक गोल काढला.

"हे काय?"

"शून्य," मी खाली मान घालून म्हणालो.

"अरबीत पाच होतात. शून्याला ते ठिपका देतात." सिग्नल सुटला, तरी त्यांनी गिअर टाकला नाही. मागचे हॉर्न वाजवू लागले. "घरी माझी बायको आहे, आई आहे, तीन पोरी आहेत. किती झाले?"

मी त्या गोलावर बोट ठेवलं.