मगरीनं कुऱ्हाड खाल्ली नव्हती

ते प्रकरण आठवलं की खऱ्या आरोपीच्या आधी मला एक मगर आठवते. काही तास तीच आरोपी होती.

मी तेव्हा गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. उन्हाळा सरत आला होता. जवळच्या जंगलातल्या गावाहून खबर आली, की एका माणसाला मगरीनं नदीत ओढून नेलं. हवालदारानं स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि आम्ही निघालो. काठावर त्याच्या चपला आणि गमछा पडला होता. थोडं वर रेतीत मगरीचं घरटं होतं. सारं गाव भाले, सब्बली घेऊन जमलं होतं. अंडी फोडायची आणि मगरीला मारायचं, असं ठरूनच गेलं होतं.

मगर घरट्यापुढे जबडा उघडून बसलेली. बेपत्ता माणसाच्या म्हाताऱ्या आईनं पहिला दगड मारला, मग दगडांचा मारा सुरू झाला. मागेच खोल डोह होता, एका उडीत सुटली असती. पण ती जागची हलली नाही. दगडफेकीत भले भले शिपाई मागे सरकताना मी पाहिलेत. मनातल्या मनात मी तिला सलाम ठोकला.

"पंचनामा होईस्तोवर कोणी हात लावायचा नाही," मी दरडावलं.

म्हातारी ऊर बडवत होती. "माह्या पोराच्या खांद्यावरून कुऱ्हाड कधी उतरली नाई जी! तरी कसा नेला त्याले?"

त्या भागात माणूस कुऱ्हाडीशिवाय घर सोडत नाही. आंघोळीला गेला तरी चपलांशेजारी ती ठेवतो. इथे चपला होत्या, कुऱ्हाड नव्हती. घर पाहिलं, तिथेही नव्हती.

चपला पहिल्यांदा दिसल्या त्या त्याच्या मोठ्या भावाला. त्याला ठाण्यात बसवला, चहा पाजला, धानाच्या गोष्टी केल्या आणि मग विचारलं, "काऊन गा, मगर कुऱ्हाड पण खाते का?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"तिकडे तुझी माय रडून राह्यली. तिले काय सांगू?"

मायचं नाव काढताच गडी ढसाढसा रडला. "जित्ता हाय साहेब तो. डुकरासाठी विजेचा तार लावला होता, त्यात गवा मेला. जंगलवाले धरतीन म्हणून सिरोंच्याकडे पळाला. चपला मीच ठेवल्या. कुऱ्हाड मागतली, पण बिना कुऱ्हाडीचं जंगल कसं पार करू म्हणे."

सिरोंच्याजवळ एका नातेवाइकाच्या शेतात तो सापडला. खांद्यावर कुऱ्हाड होतीच. म्हातारीनं आधी त्याला कवटाळलं, मग सणसणीत थोबाडीत दिली. वनविभागानं त्याला ताब्यात घेतलं.

नोकरीत मी पळणारे खूप पाहिले. पळाला म्हणजे गुन्हेगार, हे आम्हाला शिकवलेलं असतं. जो दगड खाऊनही जागेवर थांबतो, त्याच्याकडे नीट बघावं, हे मला त्या मगरीनं शिकवलं.

पुढे अंड्यांतून पिल्लं निघू लागल्याचं कळलं तेव्हा मी मुद्दाम गेलो. मगर वीतभर पिल्लं जबड्यात घेऊन हलकेच पाण्यात सोडत होती. एकालाही दात लागला नाही. म्हातारी माझ्या आधीच येऊन दूर उभी होती.

"मी हिले दगड मारला जी," ती म्हणाली. "हे त् माह्यासारखीच पोरांसाठी बसली होती."